मिनासावा स्टेशनवरची घाण

१

"श्यामला, हे मी केलं की नाही, एवढंच मला येऊन सांग. केलं असेल तर तसंही सांग. लपवू नकोस."

ऑक्टोबरातला रविवार होता. सकाळचा चहा अजून हातात होता आणि फोनवर पद्माकर होते. आवाज त्यांचाच, पण कुणीतरी पिळून काढल्यासारखा.

"काय झालंय?" मी विचारलं.

"तोंडानं सांगण्यासारखं नाही. तू ये."

डॉ. पद्माकर म्हणजे माझी मैत्रीण लीलावती, तिचे यजमान. लीलावती जाऊन चार वर्षं झाली. हे सत्तरी ओलांडलेले, निवृत्त भूलतज्ज्ञ. लंडनच्या उत्तर टोकाला, स्टॅनमोरला, मुलगा विनय आणि सून निवेदिता यांच्याबरोबर राहतात. आणि मी लंडनमध्येच, ईलिंगला, एकटी. माझी उभी हयात कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्यात गेली. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची, फ्रीजच्या मागे हात घालायचा, उंदरांच्या लेंड्या ताज्या की जुन्या ते बघायचं. लोकांना किळस आली की ते मागे सरकतात. मला त्याच वेळी पुढे सरकायचं वळण लागलेलं. पद्माकरांनी मला का बोलावलं हे मला स्टॅनमोरच्या ट्यूबमध्ये, भुयारी गाडीत, बसल्यावर समजलं. घाणीबद्दल खरं सांगणारं दुसरं कुणी त्यांना माहीत नव्हतं.

दार निवेदितानं उघडलं. तिच्या नाकाला दुपट्टा बांधलेला होता आणि हातात ब्लीचची बाटली.

"मावशी, तुम्ही बाहेरच थांबा. मी आधी ते धुऊन काढते."

वास दारापर्यंत आला होता. डोळ्यांत टोचणारा, नाकात सुई गेल्यासारखा.

"ब्लीच खाली ठेव," मी ओरडलेच. "या वासावर ब्लीच ओतलंस तर विषारी धूर होईल. आणि कशालाही हात लावू नकोस."

मागच्या कन्झर्व्हेटरीत, बागेकडच्या काचेच्या खोलीत, पद्माकरांचं स्टेशन होतं. मिनासावा. जपानच्या डोंगराळ भागातलं एक लहानसं स्टेशन. तरुणपणी सहा महिने ते तिथल्या गावच्या हॉस्पिटलात शिकायला होते, आणि निवृत्तीनंतर ते त्यांनी हातानं, बोटभर उंचीचं, जसंच्या तसं उभं केलं होतं. एकच फलाट. लाकडी इमारत, पत्र्याचं छप्पर, तिकीटखिडकी, शेकोटी असलेलं, कागदी भिंतींचं प्रतीक्षालय, मागे वेगळं शौचालय, फळांनी लगडलेलं एक झाड. एका डब्याची पिवळी गाडी. पुढच्या शनिवारी हॅरोच्या मॉडेल रेल्वे प्रदर्शनात ते जाणार होतं.

प्रतीक्षालयात लघवी भरली होती. छपरावरून मागे ओघळून ती इमारतीमागच्या खडीत मुरली होती, कागदी भिंती फुगून वाकल्या होत्या, आणि शेकोटीजवळ बसवलेली नखाएवढी म्हातारी तिच्यात तोंडावर पडली होती.

मी बरंच पाहिलंय. पण मला ओकारी आली ती त्या म्हातारीकडे बघून.

२

"त्यांनीच केलंय, मावशी. दुसरं कोण करणार?" निवेदिता स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती. ती पुण्याची, लग्न होऊन इथे आली, बँकेत काम करते. "गेले दोन महिने चाललंय हे. आधी माणसं इकडची तिकडे. मग गाडीचा डबा फ्रीजमध्ये सापडला, दह्याच्या भांड्यात. बाबा शपथ घेऊन सांगत होते की मी ठेवला नाही. मग हळूहळू त्यांनी शपथ घेणं सोडलं."

"नेहमी कधी सापडतं?"

"रविवारी सकाळी. म्हणजे आम्ही सगळे घरात असतो ना, म्हणून दिसतं."

"काल रात्री घरात कोण होतं?"

"आम्ही तिघं आणि शशिधरकाका. ते इल्फर्डहून दर शनिवारी येतात आणि मुक्कामाला राहतात. संध्याकाळी कॉलिनपण आला होता, बाबांच्या रेल्वे क्लबातला. तो जेवून गेला, पण त्याच्याकडे बागेच्या दाराची किल्ली असते." तिनं नाकावरचा दुपट्टा खाली ओढला. "झोपायच्या आधी मी झाडांना पाणी घालायला कन्झर्व्हेटरीत गेले होते. तेव्हा काही नव्हतं. वासही नव्हता."

"आणि सकाळी?"

"सकाळी बाबाच आधी उठले. मी खाली आले तेव्हा ते स्टेशनसमोर उभे होते. पायजमा ओला नव्हता, पण ते काहीच बोलेनात. मावशी, खरं सांगू? मला त्यांची दया यायला हवी होती. मला फक्त किळस आली. या घरात फक्त शशिधरकाकांनी त्यांना हात धरून वर नेलं. इतका स्वच्छ माणूस मी पाहिला नाही. स्वतःचा थर्मासदेखील स्वतः घासून ठेवतात. आज तर दोनदा साबण लावून घासला. मी म्हटलं, नेहमीसारखा चहा भरून देते, तर नको म्हणाले. म्हणाले, आज कशावरच वासना नाही."

विनय बाहेर गाडीजवळ फोनवर होता. मला बघून त्यानं फोन ठेवला. तो इथेच जन्मलेला, शहरात एका फायनान्स कंपनीत आहे, आणि त्याचं मराठी घाईत घातलेल्या शर्टासारखं असतं.

"मावशी, आय ॲम डन," तो म्हणाला. "बाबाचा मेमरी गेला आहे. मी एक केअर होम बघितला आहे, पिनरला. खूप चांगली जागा आहे, गार्डन आहे. ते आजच व्हिजिट देतात."

"आजच?"

"वेट करून काय होणार? आणि मंगळवारी त्याला ते चौकशीला जायचं आहे, कुठल्या जुन्या हॉस्पिटलची. आता कसा जाणार? शशिधरकाका म्हणाले, ते स्वतः त्या लोकांना कळवतील की ही इज नॉट फिट."

त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्या मागे काहीतरी हलकं झाल्याचं दिसत होतं. ओझं उतरवायला जागा सापडलेल्या माणसाचं. वडिलांनी आपल्याच जिवापाड जपलेल्या खेळण्यावर मुतावं, आणि मुलाला त्यातून वाट मिळावी.

मी आत वळले. विनयला हे स्टेशन नको होतं, निवेदिताला त्याची किळस होती, आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात होती.

३

कॉलिन बोलावल्याबरोबर आला. लाल गालांचा, निवृत्त पोस्टमास्तर. स्टेशन बघून तो खुर्चीत बसला आणि रुमालानं नाक धरून रडला.

"माझ्या मॉडेलला गेल्या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं," तो म्हणाला. "या वर्षी याला पहिलं मिळालं असतं आणि मला राग आला असता. पण हे? हे माणूस करतो का?"

"तुम्हाला ते जपानी वाचता येतं?" मी पाट्यांकडे बोट दाखवलं. इमारतीवर तीन-चार काळ्या अक्षरांच्या चिमुकल्या पाट्या होत्या, आणि फलाटावर नावाची मोठी.

"कसं येणार? काल जेवताना विनयनं हेच विचारलं. पद्माकर म्हणाला, दुपारीच रंगवून लावल्यात, अर्थ प्रदर्शनातच सांगेन. त्याला चिडवायची फार हौस."

तो गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. एकटी, वासात.

ते स्टेशन ज्या टेबलावर होतं ते माझ्या छातीइतकं उंच. पद्माकरांनी मुद्दाम तसं करून घेतलेलं, म्हणजे उभं राहिलं की फलाटावर उभं असल्यासारखं दिसावं. पद्माकर माझ्याहून बुटके, आणि गुडघ्यामुळे दोन पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून चढतात. तिथून प्रतीक्षालयाच्या छतावर? बरं, समजा स्टुलावर चढले. मग पुढच्या कुंपणावर, फलाटावरच्या माणसांवर थेंब तरी पडले असते. सगळं कोरडं होतं. फलाटाच्या कडेला उभा असलेला स्टेशनमास्तर, हात कपाळाला लावलेला, तो तर धूळसुद्धा न झटकता तसाच. घाण थेट वरून, एकाच जागी, बेतानं आली होती.

आणि वास. ताज्या लघवीला असा वास नसतो. असा अमोनिया सुटायला ती झाकणबंद भांड्यात दिवसेंदिवस मुरावी लागते. झोपायच्या वेळी नव्हती आणि सकाळी डोळे चुरचुरतील इतकी आंबलेली? मूत्रमार्गाला संसर्ग असला तर कधी असा वास येतो, म्हणून मी निवेदिताला विचारलं. जीपीनं, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरनं, गेल्याच आठवड्यात पद्माकरांची तपासणी केली होती. काही निघालं नव्हतं.

कुणीतरी ही जमवून, झाकून ठेवली होती. मग ती या घरात आणून या कागदी खोलीत ओतली होती. मी इतकी वर्षं घाण पाहिली. पण ती निष्काळजीपणाची घाण होती, आळसाची, हावेची. ही घाण कुणीतरी जपून ठेवली होती.

मागून आवाज आला, "काय गं, पुरावे गोळा करतेस?"

४

शशिधर दारात उभे होते. पांढरे केस नीट मागे वळवलेले, अंगात उंची कार्डिगन. निवृत्त सर्जन. आमच्या लोकांत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. कुणाच्या मुलाला मेडिकलला पाठवायचं, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचा अंत्यविधी, तिथे शशिधर हजर. मिनासावाला ते आणि पद्माकर एकत्र होते; एकाच खोलीत राहायचे.

"बसा ना," मी म्हटलं. "तुम्हालाच विचारायचं होतं. या पाट्यांवर काय आहे?"

"मला काय विचारतेस? सहा महिन्यांत एक अक्षर शिकलो नाही. पद्माकर वाचायचा, मी त्याच्या मागे मागे चालायचो. मी फक्त मासे खाल्ले." ते हसले, मग हसू आवरलं. "श्यामला, तू त्याला खोटी आशा लावू नकोस. मी डॉक्टर आहे. असे पेशंट मी पाहिलेत."

"पण स्टेशनवरच का? आणि बरोबर त्याच खोलीत?"

ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, समजूत घालणाऱ्या आवाजात बोलले. "यालाच आजार म्हणतात, बाई. रात्री उठायचं, अर्धवट झोपेत इकडे यायचं. समोर शौचालयाची पाटी. मेंदू लहान-मोठं ओळखत नाही, फक्त पाटी ओळखतो. बिचाऱ्याचा काय दोष? तू त्याला सांग की यात लाज नाही. आणि मंगळवारच्या भानगडीत त्याला पाठवू नका. तिथे वकील त्याची लक्तरं काढतील."

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. हात उबदार होता, साबणाच्या वासाचा.

मी वर गेले. पद्माकर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तुम्ही केलेलं नाही," मी म्हटलं. उंची, कोरडं कुंपण, वास, सगळं सांगितलं.

ते वळलेही नाहीत. "वेडा माणूस बाटलीत साठवूनही ठेवतो, श्यामला. मी वॉर्डांत पाहिलंय. स्टुलावर चढून ओततोही. तू मला प्रेमानं सोडवते आहेस."

"मी कुणाला प्रेमानं सोडवत नाही. विचारा ईलिंगमधल्या कुठल्याही हॉटेलवाल्याला."

पण त्यांना हसू आलं नाही. त्या दिवशी मी परत आले ते हरल्यासारखी. घरी येऊन दोनदा अंघोळ केली, तरी वास गेला नाही.

५

सोमवारी सकाळी मी पुन्हा गेले. विनयनं कामावर सुट्टी घेतली होती. रविवारची भेट जमली नव्हती, म्हणून पिनरच्या होममध्ये आज दुपारी जायचं ठरलं होतं. शशिधरही अजून तिथेच होते. "मंगळवार होईपर्यंत मित्राला सोडून कुठे जाऊ?" म्हणाले.

मी पद्माकरांच्या खोलीत जाऊन दार लावलं.

"काल तुम्ही मला सगळं सांगितलं नाही. उंची आणि वास कळल्यावर कुणालाही जरा तरी बरं वाटलं असतं. तुम्हाला नाही वाटलं. का?"

मग भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाटीमुळे."

"कुठली पाटी?"

"शौचालयाची पाटी मी मागच्या बाजूला लावली होती. काल सकाळी ती प्रतीक्षालयाच्या दारावर होती. आणि प्रतीक्षालयाची पाटी मागे. म्हणजे आधी मी पाट्या बदलल्या, आणि मग पाटी वाचून तिथे..." त्यांनी हात खालच्या मजल्याकडे केला. "या घरात ती अक्षरं फक्त मला वाचता येतात, श्यामला. दुसऱ्या कुणाला पाट्या बदलून काय मिळणार? म्हणून मला कळलं, की मीच."

मी खुर्ची त्यांच्या पलंगाजवळ ओढली.

"हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. सांगायची लाज वाटली. आज तुला पहिल्यांदा."

"विनयला नाही? शशिधररावांना?"

"शशिधरनं विचारलं होतं की काही आठवतं का. मी नाही म्हटलं. पाटीबद्दल अक्षर बोललो नाही."

मी खिडकीशी गेले. खाली बागेत शशिधर सकाळच्या उन्हात वर्तमानपत्र वाचत बसले होते, पायावर पाय टाकून. पाट्यांची अदलाबदल एकाच वाचकासाठी केलेली होती. बाकीच्यांना घाण दिसावी, आणि पद्माकरांना मात्र घाणीबरोबर पाटीही दिसावी, म्हणजे त्यांनी स्वतःच स्वतःला दोषी धरावं. हे करायला त्यांना आतून ओळखणारा माणूस हवा होता.

"पद्माकरराव, उद्याची चौकशी कशाची आहे?"

"एक बाई ऑपरेशनच्या टेबलावरच दगावली होती. सत्तरच्या दशकात, इंग्लंडच्या उत्तरेतल्या हॉस्पिटलात. साधं पित्ताशयाचं ऑपरेशन. तिची मुलगी आता मोठी झाली, तिनं धसास लावलंय. त्या खोलीत जे होते त्यांतले बाकीचे वारले. मी भूल दिली होती." ते उठून बसले. "सर्जनच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी तेव्हा गप्प राहिलो. उद्या बोलणार होतो."

"सर्जन कोण होता?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"त्याला माहीत होतं की मी बोलणार आहे," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये. मित्र आहे, पाठीमागून करायचं नाही, म्हणून."

६

मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. विनय घड्याळाकडे बघत उभा होता, निवेदिता सोफ्याच्या कडेवर, शशिधर खुर्चीत.

"शशिधरराव," मी म्हटलं, "काल तुम्ही मला म्हणालात की प्रतीक्षालयासमोर शौचालयाची पाटी होती."

"हो. मग?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तूच म्हणालीस की."

"मी आज सकाळपर्यंत ते जाणत नव्हते."

"मग पद्माकरनं सांगितलं असेल."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं." पद्माकर जिन्याच्या तळाशी येऊन उभे राहिले होते, कठडा दोन्ही हातांनी धरून.

शशिधर हसले. "अरे, मग मी वाचली असेल! सहा महिने राहिलो तिथे, शौचालय एवढं तर कुणीही शिकतं."

"काल म्हणालात, एक अक्षर येत नाही. येत असेल तर खोटं का बोललात? येत नसेल तर पाटी कळली कशी? काहीतरी एक निवडा."

मग निवेदिता अगदी हळू म्हणाली, "थर्मास."

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

"काका, तुमचा थर्मास. तुम्ही शनिवारी आलात तेव्हा मी तो बॅगेतून काढायला गेले, धुऊन ठेवते म्हणून. तुम्ही माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलात. भरलेला होता तो. काल सकाळी रिकामा. माझ्या सिंकमध्ये घासलात तुम्ही तो. माझ्या भांड्यांच्या घासणीनं. आणि दर रविवारी मी त्याच थर्मासात चहा भरून..." ती तोंडावर हात ठेवून आत पळाली. तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत राहिला.

मला वाटलं होतं शशिधर नाकारतील, ओरडतील. त्यांनी चष्मा काढून कार्डिगनच्या टोकानं पुसला.

"श्यामलाबाईंना कुठल्याही गोष्टीत घाण दिसते," ते म्हणाले. मग पद्माकरांकडे वळले. "मी तुला वाचवत होतो. तुला कळतंय का? उद्या तू तिथे जाऊन काय सांगणार होतास? की आपल्यातला एक सर्जन दारू पिऊन ऑपरेशन करायचा? आपण इथे आलो तेव्हा आपल्याला कोण विचारत होतं? मी या लोकांत आपलं नाव उभं केलं. किती मुलं डॉक्टर झाली माझ्या शब्दावर. हे सगळं एका बाईसाठी? जी तशीही मेलीच आहे?"

"मला वेडा ठरवलंस तू," पद्माकर म्हणाले.

"तुला त्रास होणार नव्हता. पिनरची जागा मीच बघून दिली. चांगली आहे. बाग आहे."

विनयनं मान वर केली. इतका वेळ तो जमिनीकडे बघत होता. "तुम्ही मला म्हणाला होता की तुमचा एक पेशंट तिकडे खूष आहे."

"आणि तू एका दिवसात जायला तयार झालास," शशिधर शांतपणे म्हणाले. "मला फार समजवावं लागलं नाही, बाळ."

त्या खोलीत त्याहून घाणेरडं वाक्य कुणी बोललं नव्हतं, आणि ते खरं होतं. विनय बाहेर गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. त्याला कुठे उभं राहावं कळेना.

पद्माकर पुढे आले. मला वाटलं, मारतात. पण ते शशिधरांच्या खुर्चीसमोर थांबले आणि त्यांच्याकडे असं बघत राहिले, जसं आपण चपलेला काय लागलंय ते बघतो.

"मिनासावाला तुला ताप आला होता," ते म्हणाले. "मी तुला पाठीवर घेऊन त्या प्रतीक्षालयात नेलं होतं. गाडी येईपर्यंत शेकोटीजवळ बसवलं होतं. ती म्हातारी तिथली तिकीटवाली. तिनं तुला पांघरूण दिलं. तुला आठवतं का?"

शशिधरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"मला सगळं आठवतं. जा आता."

आपली बॅग आणि थर्मास घेऊन शशिधर गेले. निवेदिता दार लावायलाही आली नाही. मी लावलं, आणि त्यांनी धरलेली कडी पुसली.

७

मंगळवारी होबर्नजवळच्या एका इमारतीत मी पद्माकरांबरोबर गेले. विनय गाडी घेऊन तयार होता, पद्माकर त्याला म्हणाले, "तू कामावर जा." एवढंच. आम्ही ट्यूबनं गेलो.

शशिधरांनी सोमवारी संध्याकाळीच आपल्या वकिलाला सांगितलं असावं, कारण वकिलानं पहिलाच प्रश्न स्मरणशक्तीवर विचारला. डॉक्टर, तुम्हाला अलीकडे गोष्टी आठवत नाहीत असं तुमच्या घरचेच म्हणतात, हे खरं का? मग सत्तरच्या दशकातली एक सकाळ आम्ही कशी मानावी?

पद्माकर थोडे पुढे झुकले. मग म्हणाले, "भूल चढेपर्यंत पेशंट माझ्याशी बोलतो. त्यानंतर बोलला नाही तर मग शेवटचं मीच ऐकलेलं असतं. त्या बाई म्हणाल्या, माझ्या मुलीचा पुढचा दात हलतोय. मी घरी जाईपर्यंत पडू नये, असं वाटतं. तो काढायचा मान माझा आहे. मी म्हटलं, नाही पडणार. मग सर्जन आत आले. मास्क लावायच्या आधी ते माझ्यावर वाकले. व्हिस्की होती."

समोरच्या रांगेत राखाडी कोट घातलेली एक बाई बसली होती. तिनं ओठ दाबून धरले आणि हात तोंडावर नेला. तिच्या बाजूच्या माणसानं तिला पाणी दिलं. वकिलानं स्मरणशक्तीचा प्रश्न पुन्हा काढला नाही.

स्टेशनचं काय झालं ते सांगायला हवं. निवेदितानं हातमोजे घालून, तोंड बांधून, स्वतः ते साफ केलं. मी सांगितलं तसं, नुसत्या साबणपाण्यानं, कापसाच्या काडीनं. मध्येच ती बाहेर जाऊन ओकायची आणि परत यायची. कागदी खोली वाचली नाही. पद्माकरांनी ती परत बांधली नाही आणि स्टेशन प्रदर्शनालाही नेलं नाही. उरलेलं कॉलिनला दिलं. त्याला नको होतं, पण त्यानं घेतलं.

अहवाल मार्चमध्ये आला. सर्जन त्या दिवशी काम करण्याच्या स्थितीत नव्हता, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पोलिसांनी पुढे काही केलं नाही. फार वर्षं झाली होती. शशिधर घर विकून नाशिकला गेले. हीथ्रोवर त्यांना निरोप द्यायला आमच्यातली वीसेक माणसं गेली होती. कुणी हार नेला होता. मला एका बाईंनी फोन करून विचारलं, "जुनं उकरून काय मिळालं हो तुम्हाला?" मी फोन ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन उगाचच हात धूत राहिले.

अहवालाची प्रत घ्यायला आम्ही त्याच इमारतीत गेलो, तेव्हा राखाडी कोटवाली बाई व्हरांड्यात होती. जॅनिस तिचं नाव. पद्माकरांना बघून ती सरळ चालत आली. मला वाटलं, आभार मानायला. त्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी हात पुढे केला.

तिनं तो घेतला नाही. रागानं नव्हे. तिला फक्त काहीतरी विचारायचं होतं.

"दात त्याच संध्याकाळी पडला," ती म्हणाली. "मुलं ठेवतात तसा परीसाठी मी तो उशीखाली ठेवला नाही. आईला दाखवायचा म्हणून मुठीत धरून बसले. शेजारच्या बाईंनी मूठ उघडायला सांगितली, तेव्हा मी उघडली नाही." तिनं अहवाल दुसऱ्या हातात घेतला. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. माझे वडील वारेपर्यंत स्वतःला दोष देत राहिले, की मी दुसऱ्या हॉस्पिटलात का नेलं नाही. तेव्हाच का नाही बोललात?"

पद्माकरांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय सांगू शकले असते. की त्या गावात दोघंच आपले होते. की वरचे गोरे डॉक्टर, कन्सल्टंट, दोघांनाही हाकलून देतील अशी भीती होती. की तो मित्र होता.

त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. पुढे केलेला हात खाली घेतला.

ती थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग अहवाल पर्समध्ये घालून जिना उतरून गेली. पद्माकर तिथेच, भिंतीला न टेकता उभे होते, आणि मी त्यांच्या कोपराला हात लावला नाही.